आईच्या मातृभाषेचा रकाना

केडगाव, जि. अहमदनगर
बुधवार, ३१ मार्च १९७१

आदरणीय याकोबदादा आणि सौ. वहिनी यांस,

धाकट्या यशयाचा आणि दयाचा सप्रेम सलाम. प्रभुकृपेने आम्ही येथे सर्व खुशाल आहोत (हे वाक्य पत्र संपेपर्यंत टिकेल की नाही याची खात्री नाही). दादा, तुमचा गुडघा आता बरा असेल, आणि दौंडच्या उन्हानं वहिनींचं पित्त पुन्हा उसळलं नसेल, अशी आशा आहे. आईची तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम आहे की मला तिचीच काळजी लागली आहे. हे पत्र मी सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. दया म्हणते, तुम्ही बसून लिहा किंवा नुसते फिरा, दोन्ही एकदम करू नका, दौतीला धक्का लागतो. पण बसवत नाही त्याला काय करू?

तुम्ही रेल्वेत आहात म्हणून या खानेसुमारीच्या गणतीतून सुटलात. आम्हा शिक्षकांना कोण सोडतो? फेब्रुवारीत हुकूम आला, मार्चच्या दहा तारखेपासून आम्ही दारोदार. त्याआधी नगरला एक दिवस शिकवणीही झाली. तिथं आमचे पर्यवेक्षक आप्पासाहेब (महसूल खात्यातले, पान खाऊन बोलतात, त्यामुळे अर्ध्या सूचना त्यांच्या गालातच राहतात) यांनी मातृभाषेच्या रकान्याबद्दल फार कळकळीनं सांगितलं. लहानपणी आई मुलाशी जी भाषा बोलली, ती त्याची मातृभाषा. आई लवकर वारली असेल तर घरात मुख्यतः जी बोलत ती. आणि माणूस सांगेल ते लिहायचं, आपलं शहाणपण चालवायचं नाही. हे शेवटचं मला जरा लागलं. तेरा वर्षं मी मराठी शिकवतो आहे. मुलं बोलतात तसं लिहू नये, हेच तर मी पहिलीपासून त्यांच्या डोक्यात भरवतो. तरी सरकारचं काम म्हणून मी मान हलवली.

पहिलंच घर गहिनीनाथचं. तुम्हाला तो आठवत नसेल. विहिरीपलीकडे त्याची सात एकर आहे, माणूस सरळ. नाव, वय, धर्म, सगळं झरझर झालं. मातृभाषा कोणती म्हटल्यावर तो थांबला आणि बायकोकडं बघायला लागला. त्याची बायको छबूबाई चुलीपुढून म्हणाली, "गुरुजी, मराठी लिवू नका. ती तुमची. आमच्या चांगुणाला तुमी बाकावर हुबी करता, का तर तिला मराठी येत न्हाई. आता तिला येत न्हाई तर आमाला कुठनं येनार?" ती रागानं बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती अगदी समजूतदारपणे, मला मदत म्हणून सांगत होती. मग दादा, मी त्या अंगणात बसून अर्धा तास त्यांना पटवलं की न्हाई, व्हय, लई, गेल्तो, हुतं हे सगळं मराठीच आहे, अस्सल आहे, आणि कदाचित माझ्या मराठीपेक्षा जुनंही असेल. गहिनीनाथनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग ह्येच आमच्या पोरीम्होरं सांगा." चांगुणाला हाक मारून आणली. तिच्यापुढं पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "गुरुजी, मंग परीक्षेत 'न्हाई' असं लिवलं तर चालंल का?" मी घाईघाईनं जन्मस्थळाच्या रकान्यावर गेलो.

पुणे रोडवर ट्रक थांबतात ते करतारसिंगचं हॉटेल माझ्याच भागात येतं. हा फाळणीनंतर इकडे आला, काही वर्षं ट्रक चालवला, आणि कर्जतच्या लंकाबाईशी लग्न करून इथंच राहिला. त्यांना पाच मुलं. ती बापाशी पंजाबी बोलतात, आईशी मराठी आणि एकमेकांशी भांडताना दोन्ही. नियमाप्रमाणे आईची भाषा म्हणून मी पाचही जणांपुढं मराठी लिहायला घेतलं तर करतारसिंगचं तोंड उतरलं. एवढा सहा फुटी माणूस, पण खाटेवर असा बसला की खाटही खचल्यासारखी वाटली. म्हणाला, मास्टरजी, पाच आहेत, दोन तरी माझ्याकडं लिहा. मी म्हटलं, मुलं वाटून देण्याचा रकाना नाही. लंकाबाईला त्याची दया आली. म्हणाली, "तिसरीला पंजाबी लिवा. ती त्येंच्यावरच गेलीया. मी काय सांगते ते तिला कवाच कळत न्हाई." मी नियमाला धरून राहिलो, पाचही मराठी. करतारसिंगनं तरी मला लस्सी पाजली, आणि निघताना त्या तिसरीच्या डोक्यावर हात ठेवून तिच्या कानात काही बोलला. ती हसली. काय बोलला ते मला कळलं नाही, आणि दादा, त्या दिवसापासून माझ्या डोक्याला जी भुणभुण लागली ती अजून थांबलेली नाही. नियमानं बरोबर आणि तरी चूक, असं गणितात होत नाही हो.

आता मुख्य गोष्ट. (याच ठिकाणी मी दुसऱ्यांदा उठलो होतो.)

रुळांपलीकडच्या खाणीवर वडार लोकांची बारा-तेरा पालं पडली आहेत. दगड फोडतात, रेल्वेसाठी खडी करतात. तीही माझ्याच यादीत. पहिल्या खेपेला गेलो तर पालांत माणूस नाही, नुसती गाढवं. दुसऱ्या खेपेला चुली पेटलेल्या, भाकरी तव्यावर, आणि माणूस नाही. भाकरी करपत होती म्हणून मीच ती उलटली आणि परत आलो. मागून कळलं की कुणीतरी त्यांना सांगून ठेवलं होतं, हा मास्तर नसबंदीची यादी करतोय, ज्याचं नाव लागेल त्याला जीपमध्ये घालून नेणार. आप्पासाहेब म्हणाले, लोक सापडले नाहीत तर तुमच्या भागाची गणती अपुरी, आणि वरून विचारणा झाली तर तिला उत्तर तुम्ही द्यायचं. माझं जेवण सुटलं. तीस-चाळीस जिवंत माणसं देशाच्या आकड्यातून गळणार, आणि तीही माझ्या हातून.

आई म्हणाली, मी तुझ्याबरोबर येते. बायका बायकांशी बोलतात. तुझ्या हातातलं सरकारी कागदांचं पाकीट बघूनच माणसं पळत असतील.

तर गेल्या गुरुवारी आम्ही दोघं गेलो. आई पांढऱ्या लुगड्यात, हातात छत्री, रविवारी देवळात उपासनेला जाते तशी. तिला पाहून माणसं पळाली नाहीत. मिशनची नर्स असावी असं त्यांना वाटलं. दगडाबाई नावाची एक म्हातारी तिथली सगळ्यात वडील. तिचा मुलगाच त्यांचा मुकादम. पुरुषांना आमची मराठी येते, म्हातारीनं मात्र माझ्याकडं पाठ केली होती. मी मुकादमाला समजावत होतो की सरकारला फक्त डोकी मोजायची आहेत. आई जरा लांब उभी होती. तेवढ्यात एक दोन-तीन वर्षांची उघडी पोर खडीच्या ढिगाकडं निघाली, आणि दगडाबाई जागेवरूनच तिला ओरडली, "इटु रा. कूर्चो."

(इकडं ये, बस, असा त्याचा अर्थ मुकादमानं मला मागून सांगितला.) पोरीनं ऐकलं नाही. आपली आई गेली आणि म्हातारीपुढं जमिनीवर बसली.

दादा, मी हे जसं झालं तसं लिहितो आहे, मीठमसाला लावत नाही. तिनं छत्री मिटली नव्हती. उघडी छत्री घेऊन ती मातीत बसली आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं, आपण का बसलो. मला वाटलं तिला चक्कर आली. मी धावलो. दगडाबाई तिच्याकडं टक लावून बघत होती. तिनं काहीतरी विचारलं, मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मग एका चुलीजवळ मिठाचं गाडगं होतं त्याच्याकडं बोट करून आई म्हणाली, "उप्पु." पुन्हा म्हणाली. बायका हसायला लागल्या आणि दगडाबाईनं तिचा हात हातात घेतला. मी पाकीट धरून उभा. जिनं मला बाराखडी शिकवली, जी अख्ख्या केडगावात एकटी 'मी येत आहे' असं पूर्ण वाक्य बोलते, ती आपली आई मातीत बसून मला न कळणाऱ्या भाषेत मीठ म्हणत होती.

आई अनाथालयात वाढली एवढं आपल्याला ठाऊक होतं. त्यापुढचं आपण विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आता तुकड्या-तुकड्यानं सांगते आहे. अठरा साली मानमोडीच्या तापाची साथ आली तेव्हा तिचे वडार लोक कर्जतच्या रस्त्यावर मातीकाम करत होते. ती सातेक वर्षांची. आठ दिवसांत आई, बाप आणि पाठचा भाऊ गेला. उरलेल्यांनी तिला एका गाडीवाल्याबरोबर नगरला अनाथालयाच्या मड्डमबाईंकडं पाठवलं. तिथं तिला मरियम नाव मिळालं, आणि मराठी पुस्तकातून मिळालं. म्हणून तर तिचं बोलणं इतकं शुद्ध आहे. मी विचारलं, आई, बाबांना ठाऊक होतं? म्हणाली, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच सांगितलं होतं. मग काय म्हणाले? म्हणाले, बरं, आणि भाकरी वाढ.

त्या दिवशी मात्र पालांतली सगळी गणती झाली. अडतीस माणसं, एकही गळलं नाही. आई एकेकीजवळ बसून नाव विचारत होती आणि मी लिहीत होतो. शेवटी दगडाबाईनं तिला विचारलं (मुकादमानं मला मराठीत सांगितलं) की तुझं घरचं नाव काय होतं. आईनं छत्री मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाली, चिन्नी. त्रेपन्न वर्षांनी तिला ते नाव आठवलं, दादा. मी मुकादमाला विचारलं, याचा अर्थ काय? तो म्हणाला, "अर्थ काय न्हाई गुरुजी. बारकी. समद्याच बारक्या पोरींना म्हंत्यात." खडीच्या ढिगावरच्या त्या पोरीकडं बोट करून म्हणाला, "ही बी चिन्नीच." मला वाटलं आईला वाईट वाटेल. तिनं त्या पोरीला मांडीवर ओढून घेतलं आणि तिचं नाक पुसलं.

तेव्हापासून ती रोज जाते. कधी म्हणते छत्री राहिली, कधी म्हणते मुकादमाच्या सुनेचं दुखतं आहे. पुढच्या रविवारी झावळ्यांचा सण, देवळातल्या त्याच्या गाण्याच्या तालमीलाही गेली नाही. येताना रोज चार नवे शब्द घेऊन येते आणि स्वयंपाकघरात पुटपुटते. दया बिचारी घाबरली आहे. आपल्या मंडळीत काय म्हणतील, मुलीच्या स्थळाचं बोलणं चाललं आहे, असं तिचं. मी म्हटलं, म्हणू देत. (हे मी मोठ्यानं म्हटलं, पण खरं सांगायचं तर रविवारी उपासनेला मीही मागच्याच बाकावर बसलो, आणि ते आईच्या लक्षात आलं. तिनं माझ्या शेजारची जागा सोडून पुढं जाऊन बसणं मला फार लागलं. तिथं गाणं सुरू झाल्यावर मी उठून पुढं गेलो आणि तिच्याजवळ बसलो. तिनं पुस्तक माझ्याकडं सरकवलं.)

मग राहिली आपल्या घराची गणती. ती मी आजवर पुढं ढकलली होती. आज सकाळी आईला समोर बसवलं आणि विचारलं, जसं परक्या घरी विचारतो तसं. मातृभाषा? ती आधी म्हणाली, मराठी लिही. मी लिहायला टाक टेकवला तर म्हणाली, थांब. दोन लिहिता येतात का? मी म्हटलं, मातृभाषा एकच. इतर भाषांना वेगळा रकाना आहे. ती उठली, पाणी प्याली, चुलीतलं लाकूड मागं ओढलं, परत येऊन बसली. म्हणाली, "मग वडारी लिही. मराठी इतर भाषांत लिही. आणि यशया, अक्षर चांगलं काढ." दया दारात उभी होती. तिकडं पूर्व बंगालात भाषेवरून माणसं मरताहेत म्हणून रेडिओ सांगतो आणि तुम्ही घरात रकान्यावरून काय घोळ घालताय, असं तिला म्हणायचं होतं, ते तिनं नंतर मला म्हटलंच. पण त्या वेळी ती आली आणि शाई सांडू नये म्हणून दौत धरून बसली. मी लिहिलं. इतकं चांगलं अक्षर मी वर्षभरात काढलं नसेन.

मग माझ्या नावाची गणतीची स्लिप घेतली. मातृभाषेपुढं मराठी लिहिणार तोच आई म्हणाली, तुला काय ठाऊक? मी म्हटलं, मला नाही तर कुणाला ठाऊक? ती म्हणाली, तू तान्हा होतास तेव्हा घरात कुणी नसलं की मी तुझ्याशी तेच बोलायची. बाबांच्या शाळेची घंटा झाली की बंद. तू हसायचास. मी विचारलं, किती दिवस? आठवत नाही म्हणाली. महिना की वर्ष? आठवत नाही. मग कपडे वाळत घालायला निघून गेली, जणू भाजीचा भाव सांगितला.

आता मी काय लिहू? लगोलग सायकल काढून आप्पासाहेबांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, पान थुंकलं, आणि म्हणाले, भांबळ गुरुजी, बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला असं कुणी विचारलं नाही. माणूस सांगेल ते लिहा. मी म्हटलं, साहेब, माणूस मीच आहे. ते म्हणाले, मग चहा घ्या. चहा घेतला, परत आलो, आणि तेव्हापासून हा असा फिरतो आहे. मराठी लिहिलं तर आईचं ते दार लावून केलेलं बोलणं खोटं पडतं. दुसरं लिहिलं तर ज्या भाषेतला एक शब्द मला येत नाही ती माझी कशी? तेरा वर्षं दुसऱ्यांची भाषा तपासली, आणि माझ्या स्वतःच्या भाषेवर तांबड्या शाईनं खूण पडली आहे.

असो. पत्र लांबलं. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला एरंडेल चोळत जा.

तुमचा आज्ञाधारक,
यशया भांबळ

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं, म्हणजे धीर होत नव्हता. तुम्ही माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. मी पाळण्यात असताना तुम्ही घरात फिरत होतात. आई माझ्याशी काय बोलायची ते तुम्ही ऐकलं असेल. आठवून कळवा. एक ते तीन एप्रिल फेरतपासणीचे दिवस आहेत, तोवर स्लिप दुरुस्त करता येते. मी रकाना मोकळा ठेवला आहे. परतीच्या टपालानं एकच शब्द लिहा, तो मी तसाच उतरवीन.

ता. क. दुसरा. पाकीट डकवलं होतं, ते पुन्हा फोडलं. आईनं विचारलं कुणाला लिहिलंस, मी वाचून दाखवलं. ती म्हणते उत्तराची घाई नको, ती स्वतःच येते आहे. इथली खडी संपली. दगडाबाईची माणसं शुक्रवारी ट्रकनं दौंडच्या खाणीवर निघाली आहेत आणि आई त्यांच्याबरोबर येणार. मी नको म्हटलं, दयानं नको म्हटलं; तिनं ट्रंक भरली आहे. तेव्हा शुक्रवारी दुपारी तुमच्या क्वार्टरपुढं अडतीस माणसं, काही गाढवं आणि आपली आई उतरली तर वहिनींनी घाबरू नये. उन्हातून येतील, त्यांना आधी पाणी द्यावं. ते काय मागताहेत हे तुम्हाला कळेल असं आई म्हणते. तुम्ही शाळेत जाईपर्यंत पाण्याला नीळ्ळुच म्हणत होतात.